सीतादहीआधीचा कापूस

बाळंतपणाच्या त्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. ओव्याचा धूर आठवतो, खाटेखालच्या शेगडीची पाठीला लागणारी धग आठवते, आणि त्या धुरात ये-जा करणाऱ्या सासूबाई. मी जागी होते की झोपेत, कोण जाणे.

माझं माहेर किनवटकडं. सासरही तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं पक्कं होतं. पण त्या दिवाळीत राज्यांची नवी वाटणी झाली. माहेर मुंबई राज्यात गेलं, आम्ही आंध्रात.

"थांब जराशी," सासूबाई म्हणाल्या. "नाक्यावर गाडी अडोली तं तू वाटेतच बाळंत होशीन काय?"

त्या वाटेवर नाका कुणीच पाहिला नव्हता. मी नुसती धुमसत राहिले. आणि दिवस भरायच्या आधीच पोर झाली. एवढीशी, मांजराच्या पिलासारखी. हातपाय गार.

"ऊब धरून नाई राह्यली," सुईण म्हणाली. "नव्या कापसात ठेवा, नाईतं जाईन."

घरातला कापूस सरकी काढायला कधीच जिनात गेला होता. शेतात बोंडं फुटून पांढरं झालं होतं, पण सीतादही व्हायचं होतं. पहिल्या वेचणीआधी शेताला दहीभात दाखवतात. त्याआधी बोंडाला हात लावत नाहीत. आणि सासूबाई म्हणजे कुणी शिंकलं तरी उंबऱ्यातून पाय मागं घेणाऱ्या.

"सीतादही नाई झालं अजून," सासऱ्यांनी आठवण करून दिली.

"सीतामाईलेबी लेकरं होतेच ना!" असं म्हणून त्या निघाल्या.

ओटीभर कापूस घेऊन त्या परतल्या. माझ्या पायाशी बसून सरकी काढायच्या, पिंजायच्या, शेगडीवर धरून कोमट करायच्या. कवडशातून पांढरे पुंजके तरंगत खाली यायचे. मला वाटायचं, घरातच हळूहळू कापूस पिकतोय आणि मी त्याच्या तळाशी निजलेय. पोरीला त्यात गुंडाळून त्या चोळीच्या आत, छातीशी धरून बसायच्या. पाजायला तेवढी माझ्याकडं द्यायच्या. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांनी तिला खाली ठेवू नये असंही वाटायचं.

निरोप पोचला तशी आई एका सकाळी गाडीतून उतरली. ती भांडायलाच आली होती.

"माही लेक काऊन अडकवून ठेवली?" तिनं दारातूनच विचारलं.

 सासूबाईंनी चोळीतून पोरीला अलगद बाहेर काढलं. कापसाच्या बोळ्यात तोंड तेवढं दिसत होतं, लालसर, जांभई देणारं. आईनं झटकन हात पुढं केले. सासूबाई एक पाऊल मागं सरकल्या.

"इहीनबाई, आंदी हात शेका."

आई अख्खी वाट थंडीत आली होती. ती शेगडीपाशी उकिडवी बसली. तळवे शेकले, गालाला लावून पाहिले, पुन्हा शेकले. मग माझ्या सासूपुढं तिनं ओंजळ पसरली.