बिनतारी कान

खोपकरसाहेबांनी फोन उचललाय हे आम्हाला त्यांच्या पंख्यावरून कळायचं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या औषध कारखान्यात बाहेरच्या टेबलावरचा आणि त्यांच्या केबिनमधला फोन एकाच लाइनीवर होता. आपण घरच्यांशी बोलत असलो की मध्येच पंख्याची कुरकुर ऐकू यायची. संध्याकाळी साहेब सगळ्यांदेखत विचारायचे, "काय, सासऱ्यांची मूळव्याध कशी आहे? आपल्याला कळतं हो सगळं!"

म्हणून बिनतारी कीबोर्ड आले तेव्हा टायपिस्ट सुनंदा हरखली. आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरावर तिची वाडी. रोज पायी उतरून पोलादपूरला एसटी पकडायची. तीन वर्षं हंगामी होती. कीबोर्ड उलटसुलट करून म्हणाली, "दादा, ह्याला वायरच नाय. आता साहेब कान लावनार कुठं?"

मी हसलो. कान मीच लावून दिला होता. कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, आणि मीही हंगामीच. "तिचं इकडे उमटेल का रे?" असं साहेबांनी विचारताच मी कीबोर्डबरोबर लहरी पकडणारी डबी येते तसली दुसरी त्यांच्या कॉम्प्युटरला जोडली आणि बटण दाबून तिच्या कीबोर्डशी जुळवली. मधल्या प्लायवुडच्या भिंतीची लहरींना काय अडचण? तिचं मराठी तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन पडायचं. फाँट बदलला की वाचता येतं, हेही मीच शिकवलं. शाबासकी मिळाली. बरं वाटलं मला.

जेवणाच्या सुट्टीत सुनंदानं दुसऱ्या एका कारखान्यातल्या कायम जागेसाठी अर्ज टाइप केला. मुलाखत ठरल्यावर आई आजारी आहे म्हणून रजा मागितली. साहेब कळवळले. "आधी आई! नोकरी काय पळून जात नाही." ती वळताच त्यांनी त्या कारखान्यात फोन लावला आणि मुलगी खोटारडी आहे म्हणून सांगितलं. मी समोरच उभा होतो.

मुलाखतीहून ती परतली, तेव्हा साहेबांनी तिच्याच अर्जाची प्रत तिच्या हातात ठेवली, लाल शाईनं शुद्धलेखन तपासलेली. "तीन चुका आहेत. पुढे कुठे लिहिशील तर नीट लिही. उद्यापासून येऊ नकोस."

ती रडली नाही. टेबलाशी येऊन तिनं कीबोर्ड पुन्हा उलटा केला. "दादा, ह्याला वायर नाय ना?"

"नाही. कुठे दिसतेय?"

"मग शेवंतीनंच सांगितलं. तिलाच तेवढं ठाव होतं."

शेवंती पॅकिंग विभागातली, तिच्याच वाडीची, जिवाभावाची. पुढे वाडीत सुनंदानं तिच्याशी बोलणं टाकलं. शेवंती माझ्याकडे येऊन रडली, "दादा, आईशप्पत मी काय नाय बोलले." मी तिला पाणी दिलं. त्याच महिन्यात मी कायम झालो.

साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. "न सांगता मनातलं ओळखणारा माणूस," असं म्हणालो. टाळ्या पडल्या. साहेबांनी मला जवळ ओढलं, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "मला कसलं काय कळतंय हो! हे सगळं यानं शिकवलंय."

केवढा हा विनय, म्हणून लोक भारावले. मागच्या रांगेत शेवंतीही टाळ्या वाजवत होती.