वानगीची डाळ

गिऱ्हाइकाने मूठभर डाळ घरी नेऊन शिजवून पाहायची नाही, आम्हीच दुकानात शिजवून दाखवू, असा नियम मी काढला होता. नियम मूर्खपणाचा होता, आणि तो काढताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सक्करदऱ्याच्या बाजूला एक सहकारी ग्राहक भांडार होतं, तिथे मी कॅशियर होतो. म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात बसायचो. आत तोलणारा माल तोलून चिठ्ठी लिहायचा, गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायचं, मी पैसे घेऊन शिक्का मारायचा आणि शिक्का दाखवून त्याने माल उचलायचा. पद्धत इतकी सोपी होती की ती कोणालाच पाळता येत नव्हती. लोक आधी माल मागत, मग शिक्का, आणि सगळ्यात शेवटी भाव. भाव माझ्या डोक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असत. ते मोठ्याने वाचून झाल्यावर मलाच विचारत, "साखर कशी दिली?" शिक्का उमटला की हमखास कोणाला तरी जिरं आठवायचं. एक काका नोट जाळीतून आत सरकवत, पण सोडत नसत. उरलेले पैसे दिसेपर्यंत नोटेचं दुसरं टोक त्यांच्या चिमटीत. आमची रस्सीखेच चाले आणि मागची रांग कोण जिंकतं ते बघत उभी राही.

हे सगळं मी सहन करत असे. माझा खरा राग होता तो वानगीवाल्यांवर. तूरडाळ जास्त घ्यायची तर आधी मूठभर डाळ पुडीत बांधून घरी न्यायची, शिजवून पाहायची आणि पटली तर येऊन घ्यायची, ही आमच्याकडची रीत. तोलणारा मुकाट्याने पुडी बांधून देई. माझ्या मते ही मंडळी फुकटात एका वेळचं वरण भागवत होती. एक मास्तर तर दर आठवड्याला पुडी नेत आणि विकत काडेपेटी घेत.

म्हणून मी घरचा घासलेटचा स्टोव्ह उचलून दुकानात आणला. घरी चहा अडला तो वेगळा विषय. व्यवस्थापकांना मी पटवलं की डाळ वाचेल. पटवण्यात मी हुशार होतो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक मावशी आल्या. दूर, वस्तीच्या टोकाला राहत. लेकीचं लग्न होतं आणि पंगतीसाठी डाळ हवी होती.

"पुडी दे ना गा बाबू, घरी पाहतो शिजवून," त्या म्हणाल्या.

"पुडी बंद. बसा, इथेच दाखवतो."

त्या पोत्यावर बसल्या. मी दुकानातल्या नळाचं पाणी भरून डाळ चढवली. एका हातात शिक्का, एका हातात पळी. घाईघाईत एका वकिलाच्या चिठ्ठीवर मी पळीच मारली. पण डाळ शिजली, आणि अशी शिजली की पळीला दाणा सापडेना.

मावशींनी वाकून पाहिलं. "आमच्या घरी अशीच शिजन का?"

"डाळ काय घर पाहून शिजते का मावशी?"

रांग हसली. मलाही माझं बोलणं आवडलं. मावशी मात्र हसल्या नाहीत.

"पंगतीत वरण कच्चं राहिलं तं व्याही माह्या लेकीले जन्मभर ऐकवतीन," त्या म्हणाल्या.

"कच्चं राहिलं तर मला येऊन सांगा."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या आल्या. डोक्यावर गंज, म्हणजे मोठं पातेलं होतं. रांगेला न विचारता त्यांनी तो माझ्या जाळीसमोर ठेवला.

"सांग म्हणला होता ना. सांगाले आली."

हळदीच्या पाहुण्यांसाठी शिजवलेली डाळ होती. मी एक दाणा बोटांत दाबला. तो निसटून वकिलाच्या पिशवीत गेला. वकील नेमके तेच होते.

"आच कमी पडली असेल," मी म्हणालो.

"सकाळपासून चूल पेटून राहिली. लाकडं सरले."

"मग सोडा टाकून पाहा चिमूटभर."

"व्याह्याले सोड्याच्या वासाचं वरण वाढू का? आमच्या विहिरीचं पाणी जड हाय. त्याच्यात कोणती डाळ शिजते अन् कोणती नाही, हे घरी नेल्याबिगर कसं समजन? काहून पुडी मांगत होती मी?"

रांग या वेळी हसली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. दुसरी डाळ द्यावी तर गोदामात सगळी त्याच खेपेची. बाहेरून आणावी तर तिची परीक्षा घ्यायला वेळ नाही. मी पिंजऱ्यातून बाहेर आलो.

"डाळ तीच राहू द्या मावशी. पाणी मी आणतो. सकाळी नळ आला की पहिला तुमच्याकडे."

हे मी अशा रुबाबात म्हणालो की त्या गंज उचलून निघाल्या. घर किती लांब आहे हे विचारायचं मात्र राहिलं.

सकाळी तेलाचे रिकामे डबे राखेने घासले, हुंगले, पुन्हा घासले, भरले आणि सायकलरिक्षात चढवले. झाकणं नव्हती. मी मधे बसून डब्यांना मिठी मारली. प्रत्येक खड्ड्याला थोडं पाणी वाटेवर आणि बाकीचं माझ्या विजारीवर. मांडवाशी उतरलो तेव्हा कमरेखाली मी संपूर्ण ओला होतो. लग्नघरातल्या पोरी तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

मावशींनी डब्यांत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि डाळ चढवायला सांगितली. मी चुलीपाशी उभा राहिलो. बस म्हणून कोणी म्हणालं नाही. नवरदेवाकडचे लोक यायला लागले, बाहेर पत्रावळी मांडल्या गेल्या, तरी मावशींची नजर गंजावरून हटेना. माझीही. विजार माझ्या अंगावरच वाळत चालली होती. शेवटी त्यांनी पळीवरून एक दाणा उचलला आणि अंगठ्याने दाबला. बोटावर फक्त पिवळा डाग राहिला. त्या माझ्याकडे न बघता फोडणीकडे वळल्या.

पंगतीत मलाही बसवलं. समोरच व्याही होते. त्यांनी वरण एकदा मागितलं, मग पुन्हा मागितलं, आणि वाढणाऱ्या मावशींना माझ्याकडे बोट करून विचारलं, "हा ओल्या पँटीचा कोण हो?"

मावशींनी माझ्या पत्रावळीवर वरण ओतलं.

"हा दुकानात शिक्के मारते," त्या म्हणाल्या. "अक्कल नाही जास्त, पण पाणी बरं भरते."