नर पारखताना

आमच्या लॅब्रेडॉर कुत्रीसाठी मी नर शोधत होतो, तेव्हा कात्रपच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी माझ्या डोक्यात एक किडा सोडून दिला. या जातीत डोळ्यांचा एक आजार आईबापांकडून पिल्लांत उतरतो. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग सगळंच. आता म्हणे गालाच्या आतून काडीने नमुना घेऊन परदेशात पाठवला की कळतं. "दोघांचीही टेस्ट करा," ते म्हणाले.

आमचीची कशाला? ती डोळ्यांसमोर वाढलेली. पण परका नर कोण, कुठला! एक पिल्लू माझ्या भाचीला कबूल केलं होतं, ते आंधळं निघालं तर?

उल्हासनगरात एका सिंधी गृहस्थांकडे नर मिळाला. रिवाजाप्रमाणे पैसे नाहीत, पिल्लांतलं पहिलं पसंतीचं त्यांचं. टेस्टचं विचारताच त्यांनी रिपोर्ट पुढे केला. "साईं, अपना बच्चा एकदम क्लियर आहे. देख लो."

इतक्या तत्परतेने कागद दाखवणारा माणूस मला तिथेच खटकला. काडी नक्की कुणाच्या गालात फिरवली, ते परदेशात कोण बघतंय? आमच्यात माणसांची लग्नंही पत्रिका न बघता होतात, मग कुत्र्याच्या पत्रिकेवर मी का विश्वास ठेवू?

म्हणून मेटिंगआधी एकदा मुद्दाम दिवेलागणीला कुत्रीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. लोडशेडिंग चालू होतं. ते चहाचं सांगायला आत गेले, तसं मी कोपऱ्यातलं स्टूल हळूच वाटेत सरकवलं आणि नराला हाक मारली. स्टुलाला सहज वळसा घालून तो शेपटी हलवत आला. तरी माझं समाधान होईना. बेट्याने वास घेऊन ओळखलं असेल, असंच वाटलं.

तेवढ्यात ते बिस्किटांचा पुडा घेऊन बाहेर आले. कागदाचा आवाज ऐकताच आमची कुत्री उठून धावली ती थेट स्टुलावर जाऊन आदळली.

त्यांनी आडवं झालेलं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि हळू आवाजात विचारलं, "साईं, हिला शामको दिसतं ना?"

मला हो म्हणायचं होतं. पण गेले कित्येक महिने अंधार पडला की ती जिना उतरायला तयार नसायची आणि आम्ही तिला आळशी म्हणत, पट्ट्याला धरून ओढत खाली न्यायचो.