कळलं न्हाय, परत सांग

कागलजवळ हायवेवर मुंबईची बस थांबली तेव्हा मला पोचवायला अख्खी गल्ली लोटली होती. आई रडत होती आणि रडता रडताच क्लीनरला बजावत होती, "पोरगी विमानानं परदेशी शिकाय जाणार हाय, तिला खिडकीची सीट द्या." ड्रायव्हर वैतागून ओरडला, "पावणं, वरात हाय का काय? चढा की!" मी चढले. आबा खिडकीखाली येऊन उभे राहिले. मला वाटलं, वडील आहेत, आता तब्येतीला जप वगैरे सांगतील. कुठलं काय! म्हणाले, "डेअरीवर लोकं इचारत्यात, पोरगी तिकडं करणार काय? एका वाक्यात सांगून जा." मी म्हणाले, "आबा, सैद्धांतिक भौतिकशास्त्र." तेवढ्यात बस हलली. मागून आबांचा खणखणीत आवाज आला, "कळलं न्हाय!"

गावाकडच्यांनो, तुम्हाला ठाऊकच आहे आणि बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही विसरला असाल तर सांगते: आपल्याकडं माणूस काय बनवतो त्यावर त्याची ओळख. माझा मामा शिरोलीच्या फाउंड्रीत, तो इंजिनाचे भाग ओततो. चुलतभाऊ बिद्रीच्या कारखान्यात, तिथं साखर निघते. मी मात्र खडू झिजवून फळ्यावर समीकरणं लिहिते आणि संध्याकाळी तीच पुसते. हे डेअरीवर कसं सांगायचं? आबांनी आपल्या परीनं तोडगा काढला. "पोरगी हवेतलं कायतरी शोधती," असं त्यांनी सांगून टाकलं. पुढच्या वर्षी फोनवर विचारणा सुरू झाली, "ऊसतोड लावायची हाय, पाऊस कधी उघडतोय?" मी मोबाईलमध्ये बघून सांगितलं, आणि दुर्दैवानं ते खरं निघालं. तेव्हापासून गावाच्या लेखी मी हवामान खात्यात आहे.

पीएचडी झाली, मग पोस्टडॉक. म्हणजे संशोधनाची हंगामी नोकरी, दोन वर्षं एका देशात, काँट्रॅक्ट संपलं की दुसऱ्यात. आबांना हे मात्र एका दमात कळलं. "म्हंजे ऊसतोडीच्या टोळीगतच की! फड संपला की उचल बिऱ्हाड." मी असे तीन फड पालथे घातले. प्रत्येक फडात सुरुवातीला माझ्या आवाजानंच लोक दचकायचे. शेवटच्या फडात मी साधं "चहा घेणार का?" विचारलं, तर शेजारच्या ऑफिसातली बाई हळूच म्हणाली, "तू रागावली आहेस का?" तिला काय सांगू, आमच्याकडं प्रेमानंसुद्धा याच पट्टीत बोलतात.

वर्गात मात्र सगळं गोड गोड. मुलं माना डोलवायची, शेवटी बाकं वाजवून आभार मानायची. मला वाटायचं, वा, काय शिकवतेय मी! मग एका विद्यापीठात कायमच्या जागेसाठी नमुन्याचं लेक्चर दिलं. तिथंही माना डोलल्या. नंतर कळवलं, "विषय अतिशय रोचक होता, परंतु..." इकडं रोचक म्हणजे काय, ते मला उशिरा उमगलं. कुणाच्या डोक्यात काडीइतकंही शिरलेलं नसतं.

त्यानंतर एकच संधी उरली होती, जर्मनीतल्या एका लहान शहरात; तिथंही असंच लेक्चर द्यायचं होतं. काँट्रॅक्ट संपत आलेलं, व्हिसाही त्याच्याबरोबर संपणार. ही जागा गेली तर भौतिकशास्त्राला रामराम. हे मी फोनवर आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "येवढंच न्हवं? मग मला शिकव की. मला कळलं तर त्या गोऱ्यांस्नी कळंलच."

झालं, शाळा भरली. माझी दुपार म्हणजे गावाकडं संध्याकाळ. दूध घालून झालं की आबा डेअरीसमोरच्या कट्ट्यावर मोबाईल धरून बसायचे. शेजारी त्यांचे दोस्त, किराणा दुकानवाले मल्लाप्पाकाका. विषय होता, लोखंडाचा चुंबक कसा होतो. लोखंडात अणू असतात, प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक. खूप तापवलं की ते वाटेल तिकडं तोंड करतात. थंड व्हायला लागले की आपोआप सगळे एकाच दिशेला वळतात. कुठल्या दिशेला, ते आधी कुणी सांगू शकत नाही.

"कळलं न्हाय," आबा म्हणाले.

मी गावजेवणाची पंगत घेतली. मोकळं माळरान आहे, कुठंही तोंड करून बसा, कुणाची आडकाठी नाही. पण पहिला बसला की शेजारचा त्याच्याकडं बघून बसतो, त्याच्या शेजारचा तसाच, आणि बघता बघता सगळी पंगत एका दिशेला. सगळ्या दिशा सारख्या, तरी एकच ठरते. मी खुशीत येऊन थांबले.

"सारख्या कशा?" आबा उसळले. "दक्षिणेला तोंड करून कोण जेवतंय?"

मल्लाप्पाकाकांनी लगेच आपल्या कानडीमिश्रित बोलीत री ओढली, "खरं हाय यव्वा. उपाशी ऱ्हाईल पर दक्षिणेला बसणार न्हाई."

मी कपाळावर हात मारला. पण मग बसून विचार केला. एका दिशेला बाहेरूनच मनाई असेल तर काय होतं, हाही भौतिकशास्त्रातलाच प्रश्न आहे. पोरांना नेमका तिथंच गोंधळ होतो. मी लेक्चरमध्ये आधी मोकळं माळरान ठेवलं आणि मग त्यात दक्षिणेची मनाई आणली. रोज थोडं बदलायचे, रोज सांगायचे. आबांचं रोज तेच, "कळलं न्हाय, परत सांग." एकदा मी भडकलेच, "आबा, तुमचं ध्यान कुठं असतंय?" डेअरीवर आलेल्या आईचा मागून आवाज आला, "म्हशीत!"

लेक्चरच्या दिवशी मी इंग्रजीतून तीच पंगत बसवली. दक्षिणेशी आल्यावर हॉल हसला. आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला, "मला कळलं नाही, परत सांगाल?" देवाशपथ सांगते, तिला तिथंच मिठी मारावीशी वाटली. मी परत सांगितलं, कागलच्या पट्टीत. जागा मिळाली.

पहिला फोन अर्थातच कट्ट्यावर. "आबा, पक्की झाली!" तिकडं दोघांनी एवढा आरडाओरडा केला की म्हशी बुजल्या असतील. मग आबांनी आवाज खाली आणला. म्हणाले, "पक्की म्हंजे आता तू तिकडचीच."

हे मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. ही जागा मिळाली नसती तर मी घरी आले असते. आबांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी ते रोज कट्ट्यावर येऊन मला तयार करत होते.

"आबा, निदान चुंबकाचं कळलं का शेवटी?" मी कसंबसं विचारलं.

उत्तर मल्लाप्पाकाकांनी दिलं, "अगं, त्याला कवाच कळलंय! दूध घालाय येईल त्याला धरून पंगतीचं सांगत बसतोय."

"गप की रं," आबा पुटपुटले. मग मला म्हणाले, "पयल्यांदा खरंच कळत न्हवतं, पोरी. नंतर कळाय लागलं. पर कळलं म्हटलं असतं, तर तुझा रोजचा फोन बंद झाला असता."

मी हसले आणि रडलेही, ऑफिसचं दार उघडं असताना, मोठ्यानं. शेजारच्या बाईनं डोकावून पाहिलं. तोवर तिनं विचारणं सोडलं होतं, ती नुसता चहा आणून ठेवायची.

आता इथं घर घेतलंय. दारावर नाव आहे, खिडकीत तुळस तग धरून आहे. घर म्हणजे काय, असं इथले लोक वाईनचा ग्लास हातात घेऊन फार गंभीरपणे विचारतात. मला एवढंच ठाऊक आहे, की दुपारी जेवण झालं की मी फोन लावते आणि तिकडं कट्ट्यावर माझी वाट बघत कुणीतरी बसलेलं असतं. सध्या कृष्णविवरं चालू आहेत. आबांना अजून त्यातलं अक्षरही कळलेलं नाही.