सृष्टीचे पाच किलो

चाकूरजवळच्या त्या गावात केवळाबाईंच्या हाताला गुण आहे, यावर दुमत नव्हतं. शेळी करडाला जवळ घेईना की माणसं ते उचलून थेट बाईंच्या अंगणात आणून ठेवायची. बाई आधी शिव्या हासडायच्या, मग करडू जगवायच्या.

मग त्यांच्याच घरात नात आली, सृष्टी. ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, टाळूला भोक. तिला अंगावरचं दूध ओढताच येईना. सून तनुजा रडून रडून अर्धी झाली, तिचं दूधही आटलं. लातूरच्या डॉक्टरांनी धीर दिला, ‘‘ओठ शिवता येईल. फक्त पोरगी पाच किलोची करून आणा.’’ डब्याचं दूध लिहून दिलं, पाण्याचं माप दाखवलं, वाटी-चमच्यानं पाजायला शिकवलं.

पाजायचं काम अर्थातच केवळाबाईंनी घेतलं. पण दोन चमचे पोटात गेले की पोरीला ठसका लागायचा, दूध नाकातून यायचं. करडाला ठसका लागला की बाई दूध पातळ करायच्या. इथंही त्यांनी तेच केलं. आधी थोडं पाणी वाढवलं, मग आणखी थोडं. हळूहळू ठसका कमी झाला, रडणंही थांबलं. पोरगी दिवसभर झोपू लागली.

‘‘लई गुणाची हाय माझी बाय,’’ बाई सगळ्यांना सांगत सुटल्या. अंगणवाडीची दानम्मा वजनकाटा घेऊन आली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. ‘‘तान्ह्या जिवाला तोलू न्हाई, दिष्ट लागती.’’

तीन महिन्यांनी सासू-सुना तिला घेऊन लातूरला गेल्या. काट्यावर तीन किलोसुद्धा भरले नाहीत. दूध कसं करता, डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी कौतुकानं सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी पोरीच्या पोटावर हात ठेवला. ‘‘मावशी, तिच्या पोटात नुसतं पाणी जात होतं. तिला रडायचं बळच उरलं नव्हतं.’’

लगेच भरती केलं, नाकातून नळी घातली. पाचव्या दिवशी सृष्टी गेली.

गावी आल्यावर तनुजा सासूला वाकडा शब्द बोलली नाही. बाईंना तेच सोसवेना. आठव्या दिवशी त्या सुनेसमोर बसल्या आणि हमसून रडल्या.

‘‘शिव्या दे मला, तनू. अशी गप नको राहू.’’

‘‘काय बोलू, आत्याबाई?’’ तनुजा म्हणाली. ‘‘ती रडायची थांबली, तवा मला बी बरंच वाटलं व्हतं.’’