मॉरीन ब्लूर आणि दहा हजार शिट्ट्या

मॉरीन ब्लूरला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या जेवणघरात. मी तिथे बटाट्याची पोती पोचवायला गेलो होतो. चारशे पोरांचा असा कालवा चालला होता की छताचे खिळे सैल होत होते. एवढ्यात पोरांना जेवण वाढणारी, चार फूट अकरा इंचांची एक बाई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिने उजवा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. संपलं. चारशे हात चारशे डोक्यांवर गेले. रश्शातले बुडबुडे फुटायचे थांबले, खिडकीतली माशी हवेतच थबकली. माझाही हात आपोआप वर गेला आणि पोतं माझ्याच पायावर आपटलं.

"तुला नाही रे सांगितलं, बदका," ती म्हणाली. "तू आपले बटाटे उतरव."

इंग्लंडातल्या आमच्या स्टोक गावात ओळख असो नसो, सगळ्यांना बदकच म्हणतात.

मॉरीनने लग्न केलं नाही. बहिणीचा मुलगा डॅरिल हाच तिचा संसार. पबमधल्या फळीवर बाण मारता मारता डॅरिल इतका तयार झाला की नोकरी सोडून डार्ट्सच्या व्यावसायिक खेळाडूंत गेला. दोन वर्षांचं कार्ड, म्हणजे मोठ्या स्पर्धांत खेळायचा परवाना, मिळालं. त्याची मुदत आता संपत आली होती. शेफिल्डचा सामना जिंकला तर कार्ड राहणार, हरला तर जाणार, इतका सरळ मामला होता.

भाच्याचे हरलेले सामने टीव्हीवर पाहून मॉरीनने निदान केलं होतं. "बाण चांगलाच मारतो पोरगा. पण शेवटचा मारायला उभा राहिला की लोक नेमक्या तेव्हाच शिट्ट्या मारतात. वळणच नाही कुणाला."

"मावशी, तिथे दहा हजार माणसं असतात," डॅरिल म्हणाला. "आणि प्यायलेली असतात."

"चॉकलेट पुडिंगच्या दिवशी आमची पोरंही तशीच असायची."

"तू फक्त ये, बस, बिअर पी. काही करू नकोस."

"बघते मी."

मॉरीनचं 'बघते मी' ऐकून एका मुख्याध्यापकाने बदली मागून घेतली होती.

बटाट्यांच्या ओळखीवर मॉरीनने शेफिल्डला मलाही सोबत नेलं. तिथे आम्ही लांबलचक टेबलांपाशी बसलो. डार्ट्सला लोक सोंगं घेऊनच येतात. समोर दाढीवाल्या नऊ नन, मागे केळ्यांच्या वेशातले सहा हिशेबनीस. मॉरीन शाळेचा एप्रन घालून आली होती.

"काय झकास सोंग घेतलंय, मावशी," एक नन म्हणाली.

"सोंग नाही. एकतीस वर्षांची नोकरी आहे. आणि बाकावरून खाली उतर."

नन उतरली.

डॅरिलसमोर एक उंच, थंड डचमन होता. शिट्ट्या सुरू झाल्या तशी मॉरीन उठली आणि टेबलाटेबलाशी जाऊन बजावू लागली. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि तिची पाठ वळली की दुप्पट जोराने शिट्ट्या मारायचे. एका केळ्याने तिला नाचायला बोलावलं. मी म्हटलं, "मॉरीन, सोड आता. घसा बसला तुझा."

"घसा लागतोच कुणाला?" ती म्हणाली.

पाच-पाच अशी बरोबरी झाली. शेवटच्या डावात डॅरिलला बत्तीस हवे होते, म्हणजे सोळाचं डबल, फळीच्या कडेची दुप्पट गुणांची बोटभर पट्टी; डाव डबलवरच संपवावा लागतो. हातात तीन बाण. दहा हजार तोंडांत बोटं गेली. मॉरीन माझ्या खांद्यावर पाय देऊन टेबलावर चढली आणि तिने उजवा हात डोक्यावर ठेवला.

नऊ ननांनी डोक्यावर हात ठेवले. मग केळ्यांनी. कॅमेरावाल्याला गंमत वाटली असावी, त्याने मॉरीनला मोठ्या पडद्यावर घेतलं. या देशात जो कुणी शाळेत जेवलाय त्याच्या हाडात गप्प बसायची ती खूण मुरलेली आहे. बघता बघता दहा हजार हात दहा हजार डोक्यांवर गेले आणि त्या अवाढव्य जागेत बिअरचा फेस विरतानाचा आवाज ऐकू येऊ लागला.

डॅरिल थबकला. कारकीर्दभर त्याने कलकलाटातच बाण मारले होते. तो वळला. समोर सगळं शेफिल्ड डोक्यावर हात ठेवून बसलेलं आणि मध्यभागी टेबलावर मावशी. तोही तिच्याच शाळेत जेवलेला. बाण डाव्या हातात घेऊन त्याने उजवा हात निमूटपणे डोक्यावर ठेवला.

"मार की रे, बावळटा," मॉरीन कुजबुजली. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

उजवा हात डोक्यावरच ठेवून त्याने डाव्याने मारला. पहिला बाण पट्टीच्या तारेबाहेर गेला. दुसरा आतल्या सोळात लागला, म्हणजे आता आठाचं डबल हवं. तिसरा त्याच्याही बाहेर. हात अजून कुणी खाली घेतला नव्हता.

डचमन इंग्लंडच्या शाळेत कधी जेवला नव्हता. त्याला चाळीस हवे होते. त्याने एकाच बाणात विसाचं डबल घेतलं.

डॅरिल सहा-पाचने हरला आणि त्याचं कार्ड गेलं. सध्या तो टाइलच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो.