हिरव्या पाळण्याचा पासंग

'अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही,' असे आपण सहज बोलून जातो; पण पासंग म्हणजे नेमके काय, असे विचारले की बहुतेक जण घुटमळतात. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाच एक वर राहत असेल, तर त्या हलक्या पारड्याला खडा किंवा शिशाचा तुकडा बांधून दांडी सरळ करतात. तो खडा म्हणजे पासंग. मालाशी त्याला कर्तव्य नसते. समोरच्या बाजूस काहीतरी अधिक आहे, एवढेच तो सांगतो.

हुबळीच्या जत्रेत रायप्पाचा लाकडी पाळणा येई, त्याला पासंग लागे तो वाळूच्या पोत्यांचा. त्या पाळण्याचे आम्ही काही जण निस्सीम भक्त होतो, आणि भक्तमंडळी जमली की किस्से साचतातच. एकाने सांगितला की दुसऱ्याला आठवतो आणि तिसरा त्याला मीठ लावतो. मी मीठ न लावता सांगणार आहे. अळणी लागले तर दोष माझा!

*

मंडळी मोजकीच. मी धारवाडच्या शाळेत संस्कृत शिकवणारा. मनोहर कुलकर्णी रेल्वेच्या कचेरीत. कशावरही विश्वास न ठेवणे हा त्याचा जोडधंदा. त्याची थोरली बहीण सुमती, जिला हुबळीतले सगळे केशवापूर 'अक्का' म्हणे. तिचे यजमान भाऊराव. आणि शंकरण्णा, अमरगोळच्या बाजारात धान्याचा व्यापारी, देहानेही कोठारासारखा.

पाळणा तो काय! फुलीसारखे जोडलेले चार सागवानी हात, प्रत्येक हाताच्या टोकाला एक डोली: लाल, पिवळी, निळी, हिरवी. मोटार नाही, वीज नाही. रायप्पाची माणसे हातांनी फिरवीत. त्यामुळे समोरासमोरच्या डोल्यांचा भार सारखा असावा लागे. हिरवीसमोर निळी. एका डोलीत माणसे कमी पडली की रायप्पा तिच्यात पोते ठेवी. एक माणूस, एक पोते, असा त्याचा ढोबळ हिशेब.

शंकरण्णा पहिल्यांदा आला, तेव्हा रायप्पाने त्याला आपादमस्तक न्याहाळले.

"काय बघतोस रे?" शंकरण्णा म्हणाला. "मी स्वतःच वजनकाट्याचा माणूस आहे."

"हौद्री, खरंय अण्णा," रायप्पा म्हणाला, "पण तुमच्यापुढं ठेवायला सगळं अमरगोळ उचलून आणावं लागंल की!"

शंकरण्णा त्या वर्षी खालीच राहिला. पुढेही तो खालूनच भक्ती करी.

*

रायप्पाची नजर अचूक होती, असे कुणी सांगितले तर मानू नका. ती चुकतही असे.

एकदा एक अगदी काटकुळे गृहस्थ धोतर सावरीत लाल डोलीत बसले. रायप्पाने समोर अर्धे भरलेले पोते ठेवले. लाल डोली खालीच. पूर्ण पोते ठेवले. तरी खालीच! फिरवणारी पोरे एकमेकांकडे पाहू लागली. एकाने तर देवाचे नाव घेतले. रायप्पाचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही... एकटेच आहात ना, काका?" त्याने भीतभीत विचारले.

"एकटा कसा?" गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी धोतराचा सोगा बाजूला केला. मांडीवर जत्रेत घेतलेला नवाकोरा पाटा होता, वरवंट्यासकट!

"खाली ठेवला तर कुणी पळवील की!"

मनोहर हा किस्सा वारंवार सांगे. "जास्तीच्या वजनाखाली बघावं," तो म्हणे, "कुठंतरी पाटा निघतोच."

*

भाऊराव आणि अक्का दर वर्षी हिरव्या डोलीत बसत. भाऊराव धिप्पाड, आवाज करडा. पण डोली वर गेली की डोळे गच्च मिटून घेत.

"हुबळी दिसते का गं?" ते विचारीत.

"दिसते."

"आपलं घर?"

"दिसतं. दाराला कडी आहे. आता उघडा की डोळे!"

"तू बघतेस ना? मग झालं."

आम्ही खालून ऐकत असू. हुबळीचे दर्शन त्या गृहस्थाने आयुष्यभर बायकोच्या डोळ्यांनी घेतले.

पुढे त्यांना मधुमेहाने पोखरले. एका उन्हाळ्यात ते गेले. त्यानंतरच्या जत्रेला अक्का येणार नाही असे आम्ही धरून चाललो होतो. ती आली, आणि सरळ हिरव्या डोलीत जाऊन बसली. उजवीकडची जागा तिने मोकळी सोडली होती.

रायप्पाने निळ्या डोलीत एक पोते ठेवले. हिरवी खालीच राहिली. त्याने दुसरे ठेवले. पाळणा सरळ झाला.

मनोहरने संधी साधली. "अक्का, वजन वाढलं तुझं! दोन माणसांचं झालंय!"

अक्काने मोकळ्या जागेकडे पाहिले. "मी आहे तेवढीच आहे," ती शांतपणे म्हणाली. "ह्यांचं मात्र पहिल्यासारखं झालं. वर पथ्य कोण पाळायला लावतंय?"

पाळणा फिरू लागला. डोली माथ्यावर पोचली, तेव्हा अक्काचा आवाज आम्हां सर्वांना स्पष्ट ऐकू आला.

"दिसते," ती म्हणत होती. "घरही दिसतं."

*

मनोहर स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हता. पुढल्या वर्षी त्याने अक्काला आग्रहाने लाल डोलीत बसवले. समोर एक पोते. पाळणा तत्काळ सरळ! मग तिला उतरवून हिरवीत बसवले. दोन पोती लागली.

"लाकूड!" मनोहर गरजला. "हिरव्या डोलीचं लाकूड ओल धरून जड झालंय. भुताखेतांचं काही नाही, मास्तर!"

रायप्पाने मुकाट्याने अक्काला खाली उतरवले आणि दोन्ही पोती बाहेर काढली. हिरवी रिकामी, निळीही रिकामी. पाळणा तसूभरही कलला नाही.

"लाकूड जड असतं तर आत्ताही कललं असतं की नाही, साहेब?" रायप्पा म्हणाला.

मनोहरने डोलीच्या तळाशी हात घालून पाहिले, बिजागऱ्या हलवून पाहिल्या, डोलीत उकिडवे बसून फळीखाली पाहिले. पाटा निघाला नाही.

"अण्णा, उठा," अक्का हलकेच म्हणाली. "तुम्ही त्यांच्या पायांशी बसलाय." मनोहर तिच्याहून धाकटा, पण लाडाने ती त्याला अण्णा म्हणे. त्या दिवशी तो एवढ्या चपळाईने उठला की त्याचा चष्मा डोलीतच राहिला!

*

मग ऐंशी सालानंतरच्या एका वर्षी वार्ता आली: आता लोखंडी पाळणा येणार, विजेवर चालणारा. लोक त्याला 'जायंट व्हील' म्हणू लागले. पाळण्यासारखा लडिवाळ शब्द हाताशी असताना ही उसनवारी कशाला, असे मी म्हणालो. पण माझे ऐकतो कोण! एकाच मैदानात दोन पाळणे नकोत, असे जत्रेच्या कंत्राटदाराने ठरवले होते. रायप्पाचे ते शेवटचे वर्ष.

कोप्पीकर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात शोकसभा भरली. शंकरण्णा तेवढा खुशीत होता.

"खरं सांगतो मास्तर, मला आनंद झालाय. आता मला बसता येईल! मोटारीला वजनाचं काय?"

"तेच तर," अक्का म्हणाली. तिचा चहा तसाच निवत होता. "मोटारीला काय कळणार, कोण बसलंय आणि कोण नाही?"

त्या लाकडी पाळण्याखेरीज भाऊरावांची साक्ष जगात दुसरे काहीही देत नव्हते, हे तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले. लोखंडी पाळण्यात ते तिच्या शेजारी बसले काय, न बसले काय, तो सारखाच फिरणार.

मनोहर मला घेऊन कंत्राटदाराला भेटायला गेला. अक्काही हट्टाने गेली. कंत्राटदार काळा गॉगल लावून उभा होता. "एका बाजूला चार म्हशी बसवा, बाई, आणि दुसरी बाजू मोकळी सोडा. झटका न देता फिरेल! गॅरंटी!"

"म्हशींचं कोण विचारतंय?" अक्का म्हणाली आणि वळून चालू लागली.

वाटेत तिने मला विचारले, "मास्तर, लाल डोलीत हे आले नाहीत, आणि मी उतरल्यावर हिरवीही हलकी झाली. मग हे माझ्याबरोबर येतात, की त्या डोलीतच असतात?"

शब्दार्थ विचारला असता तर सांगितला असता.

"डोलीत असतील तर लाकडाबरोबर जातील," ती म्हणाली. "माझ्याबरोबर येत असतील तर काळजी नाही. मला ते कळायला हवं."

*

शेवटचा किस्सा जत्रेच्या शेवटच्या दिवसाचा. भर दुपार होती. ऊन असे की मैदानात माणूस नाही. शेजारी नव्या पाळण्याचा लोखंडी सांगाडा अर्धवट उभा होता आणि त्याची सावली रायप्पाच्या पाळण्यावर पडली होती.

अक्का हिरव्या डोलीपाशी गेली, पण बसली नाही. "आज मी खालीच थांबते. रायप्पा, ह्यांना एकट्याला एक फेरा दे."

रायप्पाने माझ्याकडे पाहिले, मी मनोहरकडे. रिकाम्या हिरव्या डोलीची साखळी रायप्पाने अडकवली आणि टेकू काढला.

हिरवी डोली हलकेच खाली बसली.

शंकरण्णाने माझे मनगट धरले. रायप्पाने निळ्या डोलीत एक पोते ठेवले. "एक माणूस," तो स्वतःशीच पुटपुटला. भाऊराव डोलीतच होते तर. लाकडाबरोबर जाणार होते.

पण हिरवी वर आली नाही. रायप्पाने पोते सरकवून पाहिले, आत वाकून पाहिले. मग दुसरे पोते ओढत आणले आणि पहिल्याशेजारी ठेवले. पाळणा सरळ झाला. पोरांनी एक फेरा दिला. वरून कसलाही आवाज आला नाही.

हा किस्सा आता केशवापुरात कुणीही सांगतो, आणि सगळे तो चुकीचा सांगतात. म्हणे, दुसरे पोते ठेवले त्याच क्षणी अक्का खाली कोसळली, तिचे प्राण वर जाऊन नवऱ्याशेजारी बसले, आणि दोघे एकत्र गेले! ऐकायला गोड आहे, सत्य नाही. अक्काला साधी भोवळही आली नाही. ती त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली आणि आम्हांला वेळोवेळी धारेवरही धरीत राहिली. फेरा पुरा होऊन हिरवी डोली खाली येईपर्यंत ती आमच्यामध्ये ताठ उभी होती. मग पदर खोचून पुढे झाली आणि डोलीकडे पाहत म्हणाली,

"एक पोतं ह्यांचं. मी तर इथं आहे. रायप्पा, ह्यांच्या शेजारी कोण बसलीय, तेवढं विचार."